घागरीखालचे चार महिने

वसंतातल्या आपल्या प्रत्येक सणाच्या मुळाशी सृष्टीचं एखादं गूढ सत्य असतं आणि लोककथा ते सत्य पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवते. हे वाक्य माझंच आहे. लातूर जिल्हा नवा होता त्या काळातल्या एका पाडव्याला, मंडपात, माईकसमोर उभं राहून मी ते म्हटलं होतं. वाक्य संपलं तशा टाळ्या पडल्या. त्या माझ्यासाठी नव्हत्या. नेमकी त्याच वेळी पाहुण्यांची गाडी आली होती.

जिल्हा नवा होता, दुष्काळ मात्र जुनाच. जिल्हा झाल्यावर शहराला एकदम काही गोष्टींची गरज वाटू लागली: मोठी कचेरी, चांगलं विश्रामगृह आणि इतिहास. पहिल्या दोन गोष्टी सरकार बांधून देतं. तिसरी कॉलेजातल्या मराठीच्या माणसाकडून मागवतात. मी मराठी शिकवत होतो. पाडव्याचा कार्यक्रम करणारी मंडळी माझ्या खोलीवर आली, चहा नको म्हणाली, दोनदा प्याली, आणि जिल्ह्याचा पाडवा जिल्ह्याला शोभेल असा झाला पाहिजे, असं त्यांनी मला सांगितलं. माझ्या वाट्याला अर्धा तास आणि विषय आला: गुढीचं मूळ.

मी मूळ शोधायला बसलो आणि मुळं निघत गेली. ब्रह्मदेवानं या दिवशी सृष्टी निर्माण केली. राम वनवासातून याच दिवशी परतला. इंद्रानं एका राजाला कळकाची काठी दिली आणि राजानं ती जमिनीत रोवून तिची पूजा केली. शालिवाहनानं मातीचे सैनिक केले, त्यांच्यावर पाणी शिंपडलं, ते जिवंत झाले आणि त्यांनी लढाई जिंकली. एका दिवसात एवढं सगळं उरकलं असेल तर तो दिवस आमच्या कचेरीतला नक्कीच नव्हता.

भाषणाचा कच्चा खर्डा मी माझ्या एका सहकाऱ्याला वाचून दाखवला. तो राज्यशास्त्र शिकवायचा. हदगावकडचा, बौद्ध घरातला, आणि स्टाफरूममध्ये माझ्याशी मनापासून वाद घालणारा एकटाच. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “सर, तुमच्या बहुतेक गोष्टीत कुणीतरी राजा जिंकून घरी येतो. औंदा कोण जिंकून आलंय?”

मग त्यानं स्वतःच्या घरचं सांगितलं. छप्पन सालानंतर त्यांच्या घरातून गुढी गेली, होळी गेली, बाकीचंही बरंच गेलं. त्याची आई मात्र चैत्र लागला की लिंबाचा कोवळा पाला चावून खाते. तिला एकदा छेडलं तर म्हणाली, “हे देवाचं न्हाई, पोटाचं हाय.” गुढीच्या पाल्याबद्दल मला मिळालेलं सगळ्यांत विश्वासार्ह मूळ हेच होतं. मी ते भाषणात घेतलं नाही. ते एका ओळीत संपत होतं, आणि मला अर्धा तास दिलेला होता.

पाडव्याला मिरवणुकीत धूळ उडू नये म्हणून सकाळीच टँकरनं रस्त्यावर पाणी मारलं. ते पाहून गल्लीतल्या बाया घागरी घेऊन टँकरमागे धावल्या. ड्रायव्हर वाईट माणूस नव्हता. त्यानं गाडी हळू केली आणि खिडकीतून समजावून सांगितलं की, हे पाणी पिण्याचं नाही, कार्यक्रमाचं आहे. बाया तरीही मागून चालत राहिल्या, रस्ता भिजत गेला आणि त्यांच्यामागून वाळत आला. मैदानावर गुढी उभी राहिली. तिच्यावर पालथं घातलेलं भांडं एवढं मोठं होतं की त्यात आमच्या गल्लीचं एका वेळचं पाणी मावलं असतं. मी भाषणात शालिवाहनाच्या मातीवर पाणी शिंपडलं, पाहुण्यांनी घड्याळात पाहिलं, आणि कार्यक्रम संपला.

हे सगळं सांगतोय ते त्यानंतर महिन्याभरात आमच्या घरी जे झालं त्यासाठी. तिथं मंडप नव्हता.

आमचं गाव निलंगा तालुक्यात. घरी आई-वडील आणि वहिनी. थोरला भाऊ त्या उन्हाळ्यात रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायला गेला होता आणि तिकडेच राहत होता. शिमग्याला मी गावी गेलो तेव्हाच परिस्थिती लक्षात आली होती. आमच्याकडे होळीसाठी पोरांनी लोकांच्या दारातल्या गोवऱ्या चोरायच्या असतात, आणि ज्याच्या चोरीला जातील त्यानं शिव्या देऊन गप्प बसायचं असतं. त्या वर्षी पोरं गावभर फिरून रिकाम्या हातानं आली. जनावरं विकली गेली होती, गोवऱ्या येणार कुठून? शेवटी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आपल्या बैलांच्या गोवऱ्या स्वतः नेऊन दिल्या. होळी गुडघ्याएवढी झाली. दुसऱ्या दिवशीच्या धुळवडीला मात्र धूळ मुबलक होती.

आमच्या आळीत तेवढीच एक बैलजोडी उरली होती. थोरला आणि धाकटा, अशीच त्यांना हाक होती. थोरल्याच्या बरगड्या लांबून मोजता येत. कडबा संपला होता. बांधावरच्या लिंबाचा पाला ओरबाडून झाला होता. अण्णा सकाळी शेतात जाऊन गवताची मुळं खणून आणत आणि ती धुवायला पाणी नाही म्हणून काठीनं झोडपून माती काढत. विहीर आटली होती. गावाला टँकर यायचा. तो आला की माणसांच्या घागरी भरत. बैलांना त्यातलंच, मायच्या नजरेच्या हिशेबानं, घोट घोट मिळायचं.

प्रश्न एकच होता. बैल पावसापर्यंत ठेवायचे की बाजारात न्यायचे? आणि त्या उन्हाळ्यात बाजारात बैल घ्यायला शेतकरी येत नव्हते. कोण येत होतं ते अण्णांना माहीत होतं. ते घरात कुणी बोलून दाखवत नव्हतं. विकावेत तर पुढच्या पेरणीला जोडी पुन्हा उभी राहणार नाही. ठेवावेत तर दावणीलाच मरतील.

तिसरी एक वाट होती, आणि ती अण्णांनी बंद केली होती. माझी आक्का देगलूरकडे दिली होती. तिच्या सासरचं शेत मांजरेच्या काठी. नदी तिथंही आटली होती, पण त्यांच्या शेताखालचा डोह कधी पूर्ण आटत नाही, आणि तिकडे भात होतो, त्याचं तणस घरात रचलेलं. दाजींनी दोनदा निरोप धाडला होता की बैल घेऊन या. अण्णांनी दोन्ही वेळा नको म्हणून सांगितलं. आमच्याकडे बाप मुलीच्या घरचं पाणी पीत नाही. ही रीत कुठून आली, तेही मी पुस्तकांत शोधलं होतं. कन्यादान, दिलेली वस्तू, दान आणि दाता, असं बरंच काही सापडलं. अण्णांना विचारलं तर त्यांनी एका दमात सांगितलं, “तिच्या दारचं पाणी एकदा पोटात गेलं की तिच्यासाठी भांडायला तोंड राहत न्हाई.”

मी म्हटलं, तुम्ही नका पिऊ, बैलांना पाजा.

“बैल कुणाचे हायेत?” अण्णा म्हणाले. वाद संपला.

वैशाखात कॉलेजला सुटी लागली आणि मी गावी आलो. थोरला आता बसला की उठताना दोनदा प्रयत्न करायचा. वहिनी त्याच्या शेपटीला हात लावून उठायला मदत करायची. अण्णा दावणीपाशी उकिडवे बसलेले. मी आल्याचं त्यांनी पाहिलं आणि बाकी काही न विचारता सांगितलं, “आखितीला बघू. घागर काय म्हणती ते. जेठ ओला झाला तर ठिवू. न्हाई तर बाजार हायच.”

अक्षय तृतीयेला आमच्याकडे आखिती म्हणतात. त्या दिवशी वाडवडिलांच्या नावानं मातीची घागर पाण्यानं भरून देवाच्या कोपऱ्यात मांडतात. तिच्याखाली शेतातून आणलेली चार ढेकळं ठेवतात. एक जेठाचं, एक आखाडाचं, एक सरावणाचं, एक भादव्याचं. घागर दिवसभर पाझरते. ज्या महिन्याचं ढेकूळ आधी ओलं होईल, त्या महिन्यात पाऊस. मी भाषणासाठी मूळ शोधत होतो तेव्हा ही रीत मला कुठल्याही ग्रंथात मिळाली नव्हती, त्यामुळे तिच्यात कुणी राजा नव्हता.

पण एक अडचण होती, आणि ती मला सकाळीच दिसली. गावातला कुंभार माती कालवायला पाणी नाही म्हणून बायकापोरांसह उदगीरकडे निघून गेला होता. नवी घागर मिळाली नाही. मायनं गेल्या वर्षीची काढली. आता, मातीचं भांडं पाझरतं ते त्याच्या अंगाला बारीक छिद्रं असतात म्हणून. वर्षभर वापरलं की पाण्यातल्या क्षारांनी ती बुजतात. जुनी घागर पाझरत नाही. हे मी अण्णांना सांगितलं.

त्यांनी घागरीवर बोटानं टिचकी मारली. “म्हंजे नवी घागर खरं बोलती, अन्‌ जुनी खोटं?”

मी म्हटलं, नवी असो की जुनी, दोन्हीही पावसाबद्दल काही बोलत नाहीत.

“मग कोण बोलतं?”

रेडिओ रोज संध्याकाळी बोलायचा, पण तोही तुरळक सरींच्या पुढं जात नव्हता.

मायनं ढेकळं मांडली. टँकरच्या पाण्यातून एक घागर भरणं म्हणजे काय होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पाणी ओतताना तिचा हात एकदा थांबला, मग तिनं काठोकाठ भरलं. हळद-कुंकू लावलं, वर एक कैरी ठेवली. दिवेलागणीला बघायचं असं ठरलं. दुपार झाली. मी दोनदा जाऊन पाहून आलो. चारही ढेकळं ठणठणीत कोरडी. घागरीच्या अंगाला दमटपणासुद्धा नव्हता.

दुपारी घर झोपलं होतं, म्हणजे सगळे डोळे मिटून पडले होते. दारातून थोरल्याचा श्वास ऐकू येत होता. भाता चालवल्यासारखा. मी उठलो. माझ्या वाटणीचं पाणी पेल्यात होतं, ते घेतलं, देवाच्या कोपऱ्यात गेलो आणि जेठाच्या ढेकळावर हळूहळू ओतलं. लोकभ्रमांवर वर्गात मी दोन तास घेत असे. ते तास मला त्या वेळी आठवले नाहीत. काळ्या मातीनं पाणी पटकन आत ओढून घेतलं. मी पेला जागेवर ठेवून परत पडलो. उन्हाळा असा होता की थोड्या वेळानं ढेकळाचा वरचा भाग पुन्हा वाळून गेला असणार. पण आत ओल राहील, अण्णा बोट लावतील तेव्हा कळेल, असा माझा हिशेब होता.

दिवेलागणीला सगळे कोपऱ्यापाशी जमलो. मायनं दिवा लावला. अण्णा खाली बसले आणि त्यांनी जेठाच्या ढेकळाकडे हात नेला. बोट लागायच्या आत ते ढेकूळ बसलं. काळ्या मातीचं ढेकूळ आतपर्यंत भिजलं की त्याचं काही उरत नाही, लोण्यासारखं खाली जातं. घागर त्या बाजूला कलली, एक क्षण तशीच थांबली आणि आडवी झाली. कैरी गडगडत दाराकडे गेली. तिच्यामागून पाणी.

वहिनीनं पदर पाण्यात टाकला आणि एका भांड्यात पिळायला लागली. माय दोन्ही हातांनी आळं करून पाणी अडवत होती. मी कोपऱ्यातली चार ढेकळं बघत होतो. चारही ओली होती, चिखल झाली होती. नुसत्या रीतीनं पाहिलं तर असं वर्ष आमच्या घागरीनं कधीच सांगितलं नव्हतं.

पाणी उंबऱ्याखालच्या भेगेतून बाहेर गेलं. दावण दारालाच लागून होती. बाहेर हालचाल झाली म्हणून मी वळून पाहिलं. उठायला ज्याला माणसाचा हात लागायचा तो थोरला स्वतः उठला होता. त्यानं मान लांब करून उंबऱ्याबाहेरची ओली झालेली माती चाटायला सुरुवात केली होती. माती संपल्यावर तो उंबऱ्याचं लाकूड चाटू लागला. धाकट्याला दावं पुरत नव्हतं. तो नुसता ताणत होता.

अण्णा ते बघत उभे राहिले. मग मला म्हणाले, “प्रोफेसर, पोरीला निरोप धाड. म्हणावं, यायलोय.”

दुसऱ्या दिवशी पहाटे ते निघाले. खांद्यावर घोंगडी, हातात फिरकीचा तांब्या, झाकण घट्ट लावलेला. त्यात फक्त त्यांचं पाणी. मी सोबत येतो म्हटलं तर म्हणाले की, तुलाही प्यायला लागेल. ते ऊन चढायच्या आत चालत आणि दिवसा एखाद्या झाडाखाली थांबत, रस्त्यातल्या गावांत बैलांसाठी पाणी मागत. स्वतःसाठी कुणाकडे हात न पसरणारा माणूस बैलांसाठी दारोदार थांबला, हे नंतर आक्कानं सांगितलं. त्यांनी स्वतः कधीच सांगितलं नाही.

ते गेल्यावर घरात आम्ही तिघं उरलो. एका दुपारी मायनं स्वतःहूनच विषय काढला. ती म्हणाली, जेठाचं ढेकूळ तिच्यामुळं बसलं, तिनंच तांब्याभर पाणी त्यावर घातलं होतं. मी म्हटलं, ते माझ्यामुळं बसलं. वहिनी पदर तोंडाला लावून हसायला लागली आणि मग तिला हसू आवरेना. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात कुणी हसल्याचं मला एवढंच आठवतं.

“तुमच्या आधी मी व्हते, भावजी,” ती म्हणाली. “माझ्या आधी आत्याबाई. अन्‌ आत्याबाईंच्या आधी मामंजी.”

आत्याबाई म्हणजे माय, आणि मामंजी म्हणजे तिचे सासरे, माझे अण्णा. मायला ते खरं वाटेना. वहिनीनं शपथ घेतली. अण्णांनी शेतातून आल्याबरोबर, कुणी बघत नाही असं पाहून, आपला तांब्या त्या ढेकळावर कलता केला होता. प्रत्येकानं ढेकूळ कोरडं दिसलं म्हणून पाणी घातलं होतं, आणि उन्हानं प्रत्येक वेळी ते वरून वाळवून ठेवलं होतं. बाजाराची अट ज्यानं घातली, त्यानंच आधी ती मोडली होती. आम्ही अण्णांना हे कधी कळू दिलं नाही.

देगलूरकडची हकिगत आक्काकडून आली. तिच्या सासरी पाण्याला नीळ्ळू म्हणणारी, तेलुगू बोलणारी माणसं, मनानं मोठी. अण्णा पोचले तेव्हा तिची सासू तांब्याभर पाणी घेऊन अंगणात आली. अण्णांनी हात जोडले आणि नको म्हणाले. तिनं आग्रह केला. त्यांनी बैल पुढं घातले आणि तसेच खाली डोहाकडे गेले. आक्का मागून धावली. तिनं पाहिलं ते असं: दोन बैल गुडघाभर पाण्यात तोंडं घालून उभे, आणि त्यांच्या मधोमध अण्णा, वाकून, ओंजळीनं पाणी पिताहेत.

ती म्हणाली, “अण्णा, इथलं चालतं व्हय?”

“नदी काय तुझ्या सासऱ्याची हाय?” अण्णा म्हणाले.

ते तिथं राहिले तितके दिवस डोहाचंच प्याले आणि रात्री तिच्या घरात न झोपता काठावर, बैलांपाशी. थोरला वाचला नाही. पाणी मिळालं, तणस मिळालं, पण उशीर झाला होता. एका सकाळी तो डोहाच्या कडेलाच बसलेला सापडला आणि नंतर उठला नाही. धाकट्याला आक्काकडेच ठेवून अण्णा घरी परत आले, तेव्हा त्याबद्दल एवढंच बोलले. “पाणी पिऊन मेला. बाजारात न्हाई.” मग ते दावणीपाशी गेले, थोरल्याचं दावं काढलं, गुंडाळलं आणि खुंटीला अडकवलं. ते त्यांच्या हयातीत तिथंच होतं.

सुटी संपल्यावर मी लातूरला गेलो आणि हे सगळं माझ्या सहकाऱ्याला सांगितलं. त्याच्याकडून एखादा टोमणा येईल असं वाटलं होतं. त्यानं फक्त, धाकटा कसा आहे, हे विचारलं. मग पुढचे कित्येक महिने तो स्टाफरूममध्ये आल्यावर तेवढंच विचारायचा. कार्यक्रमवाली मंडळीही एकदा आली. माझं पाडव्याचं भाषण त्यांना छापायचं होतं, आणि त्यात मराठवाड्यातल्या आणखी काही रीतींची मुळं घालता येतील का, अशी त्यांची इच्छा होती. मी वेळ मागून घेतला. तो अजून चालू आहे.

जेठात पाऊस आला नाही. आखाडात ढग येऊन गेले. सरावणात माय रोज दारात उभी राहायची आणि भादव्यात तिनं ते सोडून दिलं. चारही महिने, जे आमच्या कोपऱ्यात चिखल होऊन पडले होते, बाहेर कोरडेच गेले. पाऊस आला तो दसऱ्याची आपट्याची पानं वाटून झाल्यावर, आश्विनात, आणि आला तो चांगला आला. भावानं आक्काकडून धाकट्याला आणलं, शेजारच्या आळीतल्या एकाचा बैल जोडीला घेतला, आणि उशिरानं का होईना, ज्वारी पेरली.

पुढच्या आखितीला कुंभार परत आलेला होता. नवी घागर आली. माय ढेकळं मांडत होती तेव्हा मी तिला म्हटलं की, गेल्या वर्षी पाऊस आश्विनात आला, आणि आश्विनाचं ढेकूळ आपण ठेवतच नाही. पाऊस विचारायचाच असेल तर पाच ठेवायला हवीत. पावसाला महिने चारच का, याचं मूळ काय असावं, हेही मी विचारलं. तिनं घागर उचलली, ढेकळांवर ठेवली, हलत नाही ना ते पाहिलं.

म्हणाली, हिच्याखाली चारच बसतात.